डांगच्या रानात रंग केव्हा येतो?

आमच्या एका वाचक भगिनीने मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न विचारला. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या एका वनोद्यानात काढलेली छायाचित्रे त्याने घरी पाठविली. डोंगरच्या डोंगर तांबड्या, नारिंगी आणि पिवळ्या पानांनी पेटल्यासारखे दिसत होते. ती पाहून मुलांनी हट्ट धरला की, आपणही असे रान पाहावयास जाऊ. ‘सुरतेहून एका दिवसात जाऊन येता येईल, असे पानांचे रंग दाखविणारे रान आपल्या जवळपास आहे काय? आणि असल्यास ऑक्टोबरात जावे की नोव्हेंबरात?’ असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्नाच्या पहिल्या भागास आमचे उत्तर असे की, रान आहे, आणि ते आपल्या दाराशीच म्हणावे इतके जवळ आहे. वांसद्यापासून वघई, आहवा आणि सापुताऱ्यापर्यंत पसरलेले डांगचे जंगल ते हेच. दुसऱ्या भागास मात्र उत्तर असे की, ऑक्टोबरातही नव्हे आणि नोव्हेंबरातही नव्हे. त्या महिन्यांत गेल्यास मुलांना हिरवे रान दिसेल, झऱ्यांना पाणी दिसेल, गवत पिवळे पडू लागलेले दिसेल. पण भाच्याने पाठविलेल्या चित्रांसारखे काही दिसणार नाही. मग मुले हिरमुसतील आणि आपल्या रानाला रंगच नाही असा त्यांचा कायमचा ग्रह होईल. तो होऊ नये म्हणून आज हा विषय जरा विस्ताराने घेतो.

या घोटाळ्याचे मूळ बऱ्याच अंशी शाळेच्या पुस्तकात आहे. इंग्रजी वाचनमालेत ‘ऑटम’ हा शब्द आला की आम्ही शेजारी ‘शरद’ असे लिहून मोकळे होतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिकाचे दिवस. पाऊस नुकताच सरलेला, आकाश धुतल्यासारखे, चांदणे स्वच्छ, आणि झाडे वर्षातील सर्वांत भरल्या अंगाची. त्या ऋतूत पाने गळत नाहीत. पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. आमचे गुजराती शेजारी पानगळीच्या ऋतूला ‘पानखर’ म्हणतात. हा शब्द आम्हांला फार नेमका वाटतो, कारण त्यात महिन्याचे नाव नसून झाडाची क्रिया आहे. मुलांनी दिनदर्शिकेकडे न पाहता झाडाकडे पाहावे, एवढेच त्या शब्दाचे सांगणे.

आता एक शंका साहजिक आहे. झाड तेच, पान तेच. मग तिकडे ते ऑक्टोबरात का रंगते आणि इकडे माघात का? याचे कारण असे की, झाडे पाने टाकतात ती एका अडचणीतून, आणि ती अडचण दोन्हीकडे निराळी आहे. थंड देशांत दिवस लहान होऊ लागला आणि गारठा वाढला की झाडाला पुढच्या हिमाची चाहूल लागते. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही आणि नाजूक पान हिमात टिकत नाही. म्हणून ते आधीच उतरवून ठेवावयाचे. आपल्याकडे हिम नाही. आपली अडचण पाण्याची. डांगात वर्षाला ८० इंच आणि काही भागांत त्याहूनही अधिक पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतरचे आठ महिने कोरडे. पावसाचे मुरलेले पाणी जानेवारीपर्यंत कसेबसे पुरते. त्यानंतर जमिनीचा वरचा थर सुकतो, हवा रुक्ष होते, आणि पानांच्या हजारो छिद्रांतून उडून जाणारे पाणी झाडाला परवडेनासे होते. तेव्हा झाड हिशेब आवरते घेते.

हा हिशेब आवरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. हिरव्या पानात जे हरितद्रव्य असते त्याच्या बळावर झाड सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. पान टाकावयाचे ठरले की झाड आधी हे हरितद्रव्य मोडून त्यातील व पानातील इतर उपयोगी अंश, विशेषतः नत्र, फांदीत परत ओढून घेते. घर सोडणारा सुज्ञ भाडेकरू जसा भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतो तसेच हे. हिरवा रंग ओसरला की त्याच्याखाली आधीपासूनच असलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात. गाजराला व पिकल्या आंब्याला रंग देणारीच ही मंडळी. म्हणजे पिवळा रंग नवा येत नाही; तो पानात होताच, फक्त झाकलेला होता. तांबड्या रंगाची गोष्ट निराळी आहे. तो बहुतेक वेळा नव्याने घडविला जातो. जांभळाने जीभ जांभळी होते ती ज्या वर्गातील द्रव्यांमुळे, तीच ही. शास्त्रज्ञ त्यांना अँथोसायनिन म्हणतात. मेपलच्या मरणोन्मुख पानात ही द्रव्ये तयार होतात म्हणून ते लाल होते. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलग करणारा थर तयार होतो आणि वाऱ्याच्या पहिल्या झुळकीबरोबर पान सुटते.

आता डांगात चला. या रानाचा राजा साग. त्याच्या लाकडासाठीच इंग्रजांनी १८४२ साली येथील भिल राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले, आणि त्याच लाकडाच्या वाहतुकीसाठी बडोद्याच्या गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरांची अडीच फुटी लहान गाडी घातली. पण खरे सांगावयाचे तर, रंगाच्या बाबतीत हा राजा कृपण आहे. सागाचे पान सुपाएवढे मोठे, खरखरीत. जानेवारीच्या अखेरीस ते मळकट पिवळे पडू लागते, फेब्रुवारीत तपकिरी होते आणि होळीच्या सुमारास बहुतेक डोंगर उघडे पडतात. त्यात देखणेपण असेल तर ते पानाच्या रंगात नसून आवाजात आहे. सागाचे वाळलेले पान दगडावर पडते तेव्हा कोणी पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो, आणि शांत दुपारी अशी दहा-वीस पाने एकापाठोपाठ पडली की माणूस मागे वळून पाहतोच.

येथे एक सावधगिरीची सूचना. एखाद्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीसच सागाचे डोंगर भाजल्यासारखे तपकिरी दिसू लागतात आणि लोक म्हणतात, ‘यंदा पानगळ लवकर आली.’ ती पानगळ नव्हे. सागाच्या पानातला गर खाऊन केवळ शिरांची जाळी शिल्लक ठेवणारी एक बारीक अळी आहे. तिचा तो प्रताप. असे एखादे पान उचलून उजेडासमोर धरावे. सुरतेच्या कारागिराने विणावी अशी जाळी दिसेल. मुलांना दाखविण्यासारखी वस्तू आहे, पण तिला ऋतूचे नाव देऊ नये.

म्हाताऱ्या पानाचा खरा रंग डांगात पाहावयाचा तर धावड्याकडे पाहावे. साल पांढुरकी-करडी, पाने लहान; थंडी सरत आली की ती तांबूस, ताम्रवर्णी होतात आणि फेब्रुवारीत गळतात. उतरत्या उन्हात धावड्याच्या रांगा तांब्याची भांडी घासून ओळीने मांडल्यासारख्या दिसतात. परदेशी चित्रातल्या डोंगराच्या जवळ जाणारे दृश्य आपल्याकडे हेच. आणि ज्यांना डांगपर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी सुरतेतही एक झाड आहे. आपल्या सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावलेला देशी बदाम. त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवरची मोठी पाने गळण्याआधी अशी लालभडक होतात की मेपलने लाजावे. आम्ही कित्येक घरी पाहिले आहे, ती पाने केवळ कचरा म्हणून झाडली जातात आणि झाडणाऱ्या बाईंचे कुरकुरणे तेवढे ऐकू येते. हिवाळ्याच्या अखेरीस एकदा मान वर करून पाहावे, एवढीच विनंती.

परंतु धावडा आणि बदाम हे अपवाद झाले. आमचे आजचे मुख्य सांगणे वेगळेच आहे. आपल्या रानाचा खरा रंग जाणाऱ्या पानात नसून येणाऱ्या पानात आहे. ज्यांनी हे एकदा पाहिले त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांना प्रथम ते खरेच वाटत नाही.

मार्च महिना लागतो. ऊन चढते. पाऊस अजून तीन महिने दूर असतो. जमीन भेगाळलेली, ओढे आटलेले, गवत वाळून पांढरे झालेले. अशा वेळी, जेव्हा कोणतेही शहाणे झाड हातपाय आखडून बसेल असे आपण समजतो, तेव्हा कुसुंबाला पालवी फुटते. काही भागांत याला कोशिंब म्हणतात. ही पालवी हिरवी नसते. ती लाल असते. गुलालासारखी, ताज्या माणकासारखी लाल, आणि इतकी तकतकीत की दुरून पाहणारा हमखास ‘काय फुले आली आहेत!’ म्हणतो. साऱ्या करड्या, उघड्या डोंगरावर असा एकच कुसुंब उभा असला तरी नजर दुसरीकडे जात नाही. आठ-दहा दिवसांत त्या लालीत तांबूस, मग पोपटी छटा मिसळतात आणि पुढे झाड दाट हिरवे होऊन भर वैशाखात सावली धरते. (आपल्या साहित्यात येणारा ‘कुसुंबी’ रंग मात्र या झाडाचा नव्हे, तो करडईच्या फुलांपासून काढीत. नावे सारखी, घराणी वेगळी.) लाखेचा कीडा या झाडावर पोसला जातो आणि त्याची लाख उत्तम समजली जाते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

कुसुंब एकटा नाही. मोहाची नवी पाने तांबूस तपकिरी, बेहड्याची ताम्रवर्णी. आंब्याचा नवा मोहरा तर आपल्या अंगणातही पाहिलेला असतो. पिंपळाची कोवळी पाने गुलाबी तांब्याच्या रंगाची आणि इतकी पातळ की उन्हात आरपार दिसावीत. पिंपळासाठी रानात जावयासही नको. तापीच्या काठच्या कोणत्याही जुन्या घाटावर, किंवा एखाद्या पडक्या भिंतीत रुजलेल्या रोपावरही, मार्च-एप्रिलात हा सोहळा चाललेला असतो.

हे कोवळे पान लाल का? यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते आणि डोक्यावरचे ऊन तर प्रखर. अशा वेळी ती लाल द्रव्ये पानाला छत्रीसारखी उपयोगी पडतात, असा एक विचार आहे. दुसरा विचार असा की, पाने खाणाऱ्या किड्यांना लाल पान हिरव्याइतके सहज दिसत नाही किंवा रुचत नाही. दोन्ही कारणे एकत्र असणेही शक्य आहे. परंतु याहून मोठे नवल पाण्याचे. जमीन कोरडी असता पालवीला पाणी कोठून मिळते? पाने टाकल्यामुळे झाडाचा खर्च थांबलेला असतो. खोल गेलेली मुळे खालच्या थरातून थोडे थोडे पाणी ओढीत राहतात आणि ते खोडात साठत जाते. त्या शिलकीवर झाड पावसाआधीच पालवी काढते, म्हणजे पहिला पाऊस येईल तेव्हा पाने कामाला तयार असतात. आशियातील मान्सूनी रानांचा हा विशेष जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना कोड्यात टाकीत आला आहे. ज्या घराने उन्हाळ्यात उसने न मागता काटकसरीतून पेरणीचे बी राखले, त्या घराची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

पालवीच्या आगेमागे फुले येतात ती वेगळीच. काटेसावर जानेवारी-फेब्रुवारीत, पांगारा त्याच सुमारास. आणि मग पळस. पळसाविषयी आमच्या खानदेशी वाचकांना आम्ही काय सांगावे? उधना-लिंबायतीत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांनी तो गावाकडच्या बांधावर लहानपणापासून पाहिलेला आहे. सुरतेत त्याला केसुडा म्हणतात आणि होळीसाठी त्याची वाळलेली फुले बाजारात येतात. जे शहर कापडावर रंग चढवून पोट भरते, पांडेसऱ्याच्या गिरण्यांतून रोज मैलोगणती साड्या रंगवून बाहेर काढते, त्याने वर्षातून एकदा हा फुकटचा रंगही पाहून यावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

आता केव्हा जावे ते निश्चित सांगतो. नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सापुताऱ्यास जातात. हवा उत्तम असते, परंतु रान त्या वेळी हिरवटच असते. रंगासाठी तो काळ नव्हे. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गेल्यास धावडा ताम्रवर्णी, साग पिवळा आणि काटेसावर फुललेली असे तीन रंग एकत्र मिळतात, आणि हवाही सुखाची असते. लहान मुले व वृद्ध माणसे बरोबर असल्यास आम्ही हाच काळ सुचवू. फाल्गुनात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, पळस भरात असतो. पण एकच फेरी करता येणार असेल, आणि उन्हाची तयारी असेल, तर मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पहिला आठवडा धरावा. कुसुंबाची लाली तेव्हाची. सर्व झाडे एकाच दिवशी रंगत नाहीत. एकाच उतारावरचे दोन कुसुंबसुद्धा आठ दिवसांच्या अंतराने पालवतात, आणि पाऊस लवकर सरला त्या वर्षी सारेच थोडे अलीकडे येते. जपानात मोमिजीची पाने कोणत्या गावी केव्हा लाल होतील याचे अंदाज वर्तमानपत्रे छापतात आणि लोक त्याप्रमाणे आगगाड्यांतून जातात. काश्मीरच्या चिनारांसाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य असा काळ ठरलेला आहे. डांगच्या कुसुंबासाठी असा अंदाज कोणी छापीत नाही. म्हणून वघई-आहव्याकडच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून निघावे हे उत्तम.

कोठे जावे? वघईजवळ वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे २४ चौरस किलोमीटर. हे पूर्वी वांसद्याच्या राजांचे खासगी रान होते. १९५२ सालापासून येथे वृक्षतोड झालेली नाही आणि १९७९ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. झाडे जुनी, उंच, वेलींनी गुंतलेली. परंतु अंबिकेच्या काठचा हा भाग ओलसर आणि बांबूने भरलेला आहे. येथली हिरवाई उशिरापर्यंत टिकते, म्हणून रंगाचा उघडा डोंगर पाहावयाचा असेल तर वघईहून आहव्याकडे किंवा सापुताऱ्याच्या घाटाकडे पुढे जावे. तिकडचे उतार कोरडे आहेत. वघईचे वनस्पती उद्यान, २४ हेक्टरांचे, मुलांसाठी आम्ही अवश्य सुचवितो. तेथे झाडे जातवार लावलेली आहेत. तेथे एक तास नावे शिकून मग रानात शिरल्यास मुले प्रत्येक वळणावर ‘हा धावडा’, ‘हा बेहडा’ म्हणून ओरडू लागतात आणि प्रवासाचा शीण कमी होतो. उत्तरेकडे पूर्णा अभयारण्य आहे, सुमारे १६० चौरस किलोमीटरांचे, १९९० साली जाहीर झालेले. पाने झडलेली असतात तेव्हा पक्षी दिसावयास सोपे. शतकाहून अधिक काळ नष्ट झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे तो या पूर्णेच्या रानातही दिसला.

सुरतेहून वघई सुमारे ११० किलोमीटर. चिखली-वांसदामार्गे मोटारीने सकाळी लवकर निघाल्यास ऊन चढण्याआधी पोचता येते. ज्यांना घाई नाही त्यांनी बिलिमोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने जाऊन पुढे गायकवाडी लहान गाडी धरावी. ही गाडी २०२० साली कायमची बंद करण्याचे घाटत होते. लोकांनी आवाज उठविला आणि २०२१ च्या सप्टेंबरात ती पुन्हा धावू लागली. गणदेवी, अनावल, उनाई, डुंगरडा अशी स्थानके घेत ती रमतगमत जाते, आणि सपाटीवरची आमराई संपून साग कोठे सुरू होतो हे तिच्या खिडकीतून जितके स्पष्ट कळते तितके मोटारीतून कळत नाही. वेळापत्रक मात्र निघण्याआधी पाहून घ्यावे, कारण ते बदलत असते. उद्यानात व अभयारण्यात शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती न सांगता आम्ही पुढे गेलो तर हा लेख अर्धवट राहील. गणदेवी, बारडोली, मढी या पट्ट्यात रस्त्याच्या दोहों बाजूंना उसाचे फड असतात. फडाच्या कडेला पाचटाच्या व प्लास्टिकच्या झोपड्या दिसतील, बैलगाड्या दिसतील, आणि कोयता हाती घेतलेली बायका-माणसे दिसतील. त्यांतील पुष्कळशी डांगातून आणि खानदेशातून आलेली असतात. पाऊस संपला, नागली-भात घरी आले, की कोकणा, वारली, भिल कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन तोडणीस उतरतात ती उन्हाळा लागेपर्यंत. म्हणजे आपण जेव्हा कुसुंबाची लाली पाहावयास डांगात चढतो, तेव्हा ज्यांच्या दारात तो कुसुंब उभा आहे ती माणसे सपाटीवर आपल्यासाठी ऊस तोडीत असतात. आपण वर जातो, ती खाली आलेली असतात. गावात म्हातारी माणसे आणि काही मुले तेवढी राहतात. होळीला मात्र प्रत्येकाला घर गाठावयाचे असते. होळी हा तिकडचा सर्वांत मोठा सण. तिच्या आधीच आहव्याला डांग दरबार भरतो. गाढवी, दहेर, लिंगा, वासुर्णा आणि पिंपरी या पाच राजघराण्यांच्या वारसांना त्या जुन्या जंगलपट्ट्यांपोटीचा सालियाना आजही तेथे समारंभाने दिला जातो. पळसाचा रंग आणि माणसांची गर्दी एकाच वेळी पाहावयाची असेल तर ते दिवस साधावेत. डांगचा प्रदेश १ मे १९६० रोजी गुजरातेत गेला, पण तिथली बोली कानावर पडताच मराठी माणसाला अर्धीअधिक उमगते; बाजारात दोन शब्द बोलून पाहावेत. ज्येष्ठ माणसाला ‘बाबा’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारली की वाट सांगणारे चार जण पुढे येतात.

जे गावात राहतात त्यांच्यासाठीही हा काळ कामाचा. मोहाची फुले मार्च-एप्रिलात पहाटे गळतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. पुढे विडीसाठी टेंभुर्णीची पाने तोडण्याचा हंगाम येतो. कोवळे पान जुने होण्याआधी ते काम उरकावे लागते. म्हणून मोहाखाली टोपली घेऊन बसलेल्या बाईंचे छायाचित्र काढण्यासाठी त्यांना उठवू नये, आणि फुले तुडवीत झाडाखाली सतरंजी पसरू नये. ती फुले म्हणजे त्या घरचे धान्य आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. रंगाचा हंगाम तोच आगीचा हंगाम. सागाची वाळलेली पाने पायाखाली वीत-वीत साठलेली असतात आणि फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत ती एका ठिणगीची वाट पाहत असतात. काही आगी मोहाखालची जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या असतात, काही नव्या गवतासाठी, काही राब भाजताना निसटलेल्या; आणि काही, हे आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे, सहलीस आलेल्यांच्या चुलीतून आणि विडी-सिगारेटीतून गेलेल्या असतात. आग लागली की मोठा साग बहुधा वाचतो, त्याची साल जाड असते. जळतात ती गुडघ्याएवढी रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, आणि तो पानांचा थर. हा थर म्हणजे कचरा नव्हे. पहिल्या पावसाचा मार तो झेलतो, पाणी जिरवितो, कुजून माती होतो. तो जळून गेला की जूनच्या पहिल्या सरींबरोबर उघड्या उताराची माती अंबिकेत आणि पूर्णेत वाहून जाते. त्या नद्यांचे गढूळ पाणी कोणत्या गावांतून समुद्रास मिळते हे नवसारी-बिलिमोऱ्याच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. झाडाने पानातला नत्र परत घेतला तरी पुष्कळसा अंश पानातच राहतो, आणि तो कुजून मुळांना मिळाला तरच पुढच्या चैत्रात कुसुंबाला लाल पालवी काढण्याचे बळ येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा वणव्यांची खबर उपग्रहांच्या साहाय्याने वनखात्याला देते. तरीही प्रत्यक्ष विझविणारा मनुष्य हिरव्या फांद्यांचा झोडपा घेऊन पायीच जातो.

म्हणून या दिवसांत रानात चूल पेटवू नये. डबा घरून न्यावा. भाकरी, चटणी, ताक आणि माणशी निदान दोन लिटर पाणी, कारण ओढ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पायांत बूट असावेत, वाळल्या पानांखाली काय आहे ते दिसत नाही. डोंगर पाहावा तो सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. माथ्यावरच्या उन्हात कुसुंबाची लाली फिकी पडते, आणि तिरप्या उन्हात, सूर्य झाडामागे ठेवून पाहिल्यास पान न् पान आतून पेटल्यासारखे दिसते. आमच्या वाचक भगिनींनी मुलांना सांगावे की, गळलेली पाने हवी तेवढी उचलून वहीत दाबावीत, परंतु लाल पालवी तोडू नये. शिवाय ती वहीत ठेवून उपयोगही नाही. दोन दिवसांत काळी पडते. झाडावर आठवडाभर असते, तेवढ्यात पाहून घ्यावी.